दुखणे सरल्यानंतरचे दुखणे

अतिदक्षता विभागातून रोगी घरी परतला म्हणजे दुखणे सरले, असा आपला समज असतो. कोणी नारळ फोडतो, कोणी खैरात करतो. मग आठवड्याभरात कुरबूर सुरू होते : ‘आता उठून बसावयास काय हरकत आहे?’ या कुरबुरीविषयी आम्हांस थोडे सांगावयाचे आहे. आम्ही डॉक्टर नव्हे, मास्तर; तेव्हा जाणत्यांनी तपासून ठरविले आहे तेवढेच मांडतो.

कॅनडातील लंडन शहरी डॉ. बोल्टन व त्यांचे सहकारी यांनी १९८४ साली पाच रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. मूळ आजार हटला होता, तरी त्यांचे श्वासयंत्र सुटेना, हातपाय हलेनात. तपासाअंती दिसले की, हातापायांचे मज्जातंतूच बिघडले आहेत. जंतुदोष अंगभर भिनला की असे घडते, स्नायूही झडतात. २०१३ साली इंग्लंडात मोजले तेव्हा दहा दिवसांत मांडीचा एक स्नायू सरासरी सुमारे १८ टक्के रोडावलेला आढळला. यास आळस कोण म्हणेल? तुटलेला तंतू दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. गुडघ्यापासून पावलापर्यंत ४० सेंटिमीटर धरा. हिशेब वर्षावर जातो.

आता डोक्याचे. रोगी बरळू लागला की आपण ‘वात झाला’ म्हणतो. काही घरी बाहेरची बाधा समजून ताईतही येतो. पण वाताचा दुसरा प्रकार मुका असतो. रोगी गप्प पडून राहतो, आणि घरचे म्हणतात, ‘शांत झोपला आहे.’ हाच प्रकार बहुधा नजरेतून सुटतो. अमेरिकेतील नॅशव्हिल येथे ८२१ रोगी पाहिले, त्यांपैकी ७४ टक्क्यांना रुग्णालयात असा भ्रम झाला. तीन महिन्यांनी तपासलेल्यांत दर चौघांमागे एकाची बुद्धी सौम्य स्मृतिभ्रंशाच्या रोग्याइतकी मंदावलेली होती, आणि त्यांत तरुणही होते. भ्रम जितका लांबला, तितकी हानी अधिक. म्हणून जन्मभर दुकानाची वही लिहिणारा बेरजेत अडखळतो, नमाजात कितवी रकात झाली हे एखाद्यास आठवत नाही. त्यास हसू नये, रागावूही नये.

उपाय औषधांपेक्षा सवयींत अधिक आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात श्वासयंत्रावर असतानाच गुंगी उतरवून रोग्यांस बसविले, चालविले. त्यांतील ५९ टक्के रुग्णालय सोडताना स्वतःचे स्वतः करू लागले होते, इतरांतील ३५ टक्केच. घरीही हाच क्रम, डॉक्टरांस विचारून, चालवावा. चष्मा व कानाचे यंत्र हाताशी असावे, दिवसा उजेड, रात्री झोप, समोर घड्याळ व तारीख. गिऱ्हाइकांची देणी-घेणी मात्र काही महिने दुसऱ्याने पाहावीत, आणि कागदांवर सह्या घेण्याची घाई करू नये.

एक भेद ध्यानात असू द्यावा. वर सांगितलेला अशक्तपणा दोन्ही बाजूंस सारखा असतो. एकच बाजू एकाएकी लुळी पडली, तोंड वाकडे झाले, बोबडी वळली किंवा झटके आले, तर तो वेगळा प्रकार होय. तेथे सकाळची वाट न पाहता रोग्यास रुग्णालयात न्यावे.