‘कर्जत डॉट इन’वर हक्क कुणाचा?

प्रश्न : कर्जत आणि खालापूर तालुक्यांच्या हद्दीवर आमचे छोटे कृषी पर्यटन केंद्र आहे. संकेतस्थळासाठी ‘डॉट इन’ पत्ता घ्यायचा आहे. तो सरकार देते की कंपनी? एकदा पैसे भरले की नाव कायमचे आपले होते का? आणि ‘कर्जत’ हे नाव नगरकडच्या कर्जतकरांनी आधीच घेतले असेल तर?
— एक वाचक, खालापूर तालुका

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीची उत्तरे त्यातच दडली आहेत.

एक कर्जत उल्हास नदीकाठचे, आपल्या रायगडातले. दुसरे अहिल्यानगर जिल्ह्यातले. पोस्टाची त्यात पंचाईत होत नाही. ४१०२०१ म्हणजे आपले, ४१४४०२ म्हणजे त्यांचे. इंटरनेटला मात्र असे चालत नाही. तुम्ही पत्ता टाइप केलात की जगातल्या कुठल्याही संगणकाला त्यामागचा एकच ठरलेला क्रमांक सापडावा लागतो. म्हणून ‘डॉट इन’सारख्या एका शेपटाखाली एक नाव एकदाच दिले जाते, आणि नियम साधा असतो : जो आधी येईल त्याचे. नोंदणी करणारा कुठल्या कर्जतचा, हे कुणी विचारत नाही. किंबहुना ‘डॉट इन’ घ्यायला भारतात राहण्याचीही अट नाही.

‘इन’ ही अक्षरे देशांच्या आंतरराष्ट्रीय द्व्यक्षरी यादीतून आली. १९८९मध्ये हे शेपूट भारताच्या नावे झाले. तेव्हा त्याचा कारभार मुंबईत जुहूच्या ‘नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी’ या सरकारी संस्थेकडे होता. अटी इतक्या कडक होत्या की १९९२ ते २००४ या काळात जेमतेम ७,००० नावे नोंदली गेली. १ जानेवारी २००५पासून कारभार ‘निक्सी’कडे, म्हणजे ‘नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया’ या ना-नफा कंपनीकडे आला, आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत सर्वांना दार उघडले. आज नोंदलेली नावे ३० लाखांच्या पुढे आहेत.

म्हणजे तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘दोघेही’ असे आहे. मूळ नोंदवही केंद्र सरकारच्या अखत्यारीतली निक्सी सांभाळते. पण ती तुम्हाला थेट नाव विकत नाही. तिने मान्यता दिलेल्या रजिस्ट्रार कंपन्यांकडून ते घ्यावे लागते. काही शेपटे मात्र बाजारात मिळतच नाहीत. ‘गव्ह डॉट इन’ सरकारी कार्यालयांसाठीच असते, ‘एसी डॉट इन’ शिक्षणसंस्थांसाठी. रिझर्व्ह बँकेने तर सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत ‘बँक डॉट इन’वर जायला सांगितले, म्हणजे खोटी संकेतस्थळे ग्राहकाला चटकन ओळखता यावीत. तुमच्यासाठी साधे ‘डॉट इन’ किंवा ‘को डॉट इन’ खुले आहे. नुसते ‘डॉट को’ घेताना जपा, ते कोलंबिया देशाचे शेपूट आहे.

नाव कायमचे आपले होते का? नाही. ते १ ते १० वर्षांच्या मुदतीने मिळते आणि मुदत संपण्याआधी नूतनीकरण करावे लागते. चुकलात तर काही दिवसांची सवलत असते, मग जादा शुल्काचा टप्पा येतो, आणि त्यानंतर नाव पुन्हा खुले होते. असे सुटलेले नाव उचलायला टपून बसलेले लोक आहेत. पर्यटकांच्या ओळखीचे झालेले नाव तर त्यांना हवेच असते.

आपल्या भागात जमिनीचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, सातबाऱ्यावर नाव कुणाचे? इथेही तेच विचारा. पुष्कळदा संकेतस्थळ बनवणारा मुलगा घाईत स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या खात्यातून नाव घेऊन टाकतो. पैसे तुमचे, नोंद त्याची. पुढे तो दुबईला गेला की नूतनीकरणाची सूचनाही त्यालाच जाते. म्हणून खाते स्वतःच्या नावाने उघडा, ओळखीची कागदपत्रे स्वतःची द्या, ईमेल आणि मोबाइल असे द्या की जे पाच वर्षांनीही चालू असतील. रजिस्ट्रार बदलायचा झाला तर ‘ऑथ कोड’ लागतो. तो खातेदारालाच मिळतो.

कुणी तुमचे नाव बळकावले तर निक्सीच्या वादनिवारण धोरणाखाली लवादाकडे जाता येते. तिथे तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात : ते नाव तुमचा हक्क असलेल्या नावाशी किंवा ट्रेडमार्कशी मिळतेजुळते आहे, समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि त्याचा हेतू वाईट आहे. गावाच्या नावावर हा दावा टिकणे अवघड, कारण गाव कुणा एकाचे नसते. तुमच्या केंद्राच्या स्वतःच्या नावावर मात्र टिकू शकतो, ट्रेडमार्क असेल तर अधिकच.

मराठी अक्षरांतही पत्ता मिळतो. २७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरी ‘डॉट भारत’ सुरू झाले. त्यात मराठी, कोकणी, हिंदीसह आठ भाषा येतात. पडद्यामागे यंत्रणा त्याचे रोमन संकेतात रूपांतर करते, पण असा ईमेल पत्ता सगळीकडे स्वीकारला जात नाही. तेव्हा ‘डॉट भारत’ पाटीवर आणि पत्रकावर मिरवावे, पण बुकिंगचा व्यवहार ‘डॉट इन’वरच ठेवावा.

थोडक्यात, ‘कर्जत’ मिळाले नाही म्हणून हळहळू नका. ते मिळाले असते तरी दोन तालुक्यांतल्या शेकडो रिसॉर्टांच्या गर्दीत तुमचे केंद्र त्यावरून ओळखले गेले नसते. केंद्राचे स्वतःचे नाव घ्या, फोनवर एकदा सांगितले की मुंबईच्या पाहुण्याला रोमनमध्ये न चुकता लिहिता येईल असे. आणि ते निदान पाच वर्षांसाठी घ्या.