हुंकार देणारा हवा

वडील अमरावतीहून भिलाईला आले ते पोलाद कारखान्याच्या नोकरीसाठी. माझा जन्म, शाळा, पुढे शिक्षिकेची नोकरी, सगळं इथल्याच सेक्टरांमध्ये झालं. निवृत्तीनंतर मी मुलांना आणि पाहुण्यांना देवबलोद्याचं महादेव मंदिर दाखवायला नेऊ लागले. कारखान्याच्या आणि वसाहतीच्या जुन्या वस्तूंची दोन छोटी प्रदर्शनंही मांडली. त्या कामात जे उमगलं, ते इथे मांडते आहे.

१. आधी नुसतं बसा.

भिलाई-३ च्या पुढे चरोद्याजवळ देवबलोदा आहे. कलचुरींच्या काळातलं, तेराव्या शतकातलं मानलं जाणारं हे मंदिर आज पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. तीन रविवार मी तिथल्या कुंडाच्या काठावर बसून होते. कोण येतं, कुठे थांबतं, कशाकडे बोट दाखवतं, एवढंच वहीत लिहीत होते. बहुतेक लोक चपला काढत, दर्शन घेत, कुंडात डोकावत, फोटो काढत आणि निघत. भिंतीवरची हत्तींची रांग, शिकारीचा देखावा, नाचणारी-वाजवणारी माणसं यांच्यासमोर क्वचितच कुणी थांबे. याचं कारण मला तिसऱ्या रविवारी कळलं, तेही तळपायांना. महिना मे, वेळ अकराची. अनवाणी पायांनी त्या दगडावर उभं राहवत नव्हतं. मी लोकांच्या अनास्थेला दोष देत होते आणि खरं कारण त्यांच्या पायाखाली होतं.

तेव्हापासून उन्हाळ्यात सकाळी सात ही आमची वेळ. भिंत पाहायची ती सावलीच्या बाजूने. पाणी कुठे मिळेल आणि स्वच्छतागृह कुठे आहे, हे इतिहासाच्या आधी सांगायचं. ज्येष्ठांसाठी दोन घडीच्या खुर्च्या सोबत घ्यायच्या. संग्रहालय असो की किल्ला, दमलेला माणूस काहीही पाहत नाही.

२. सनावळीने सुरुवात करू नका.

माझी पहिली फेरी फसली. सातवीच्या मुलांना मी रतनपूरचे कलचुरी, त्यांच्या शाखा, मग १७४१ ची भोसल्यांची स्वारी असं सगळं सांगत सुटले. सांगितलं त्यात चूक काही नव्हती, पण मुलं केव्हाच मनाने घरी पोचली होती. पुढच्या वेळी मी एकच विचारलं, “या मंदिरात काय नाही?” मुलं भोवती फिरली, वर पाहू लागली. शेवटी एकजण ओरडला, “मॅम, शिखरच नाही!” मग का नाही, कसं असेल, पडलं की बांधलंच नाही, असे त्यांचेच प्रश्न सुरू झाले. आता कलचुरी आपसूक आले, कारण ते कुणालातरी हवे होते. फ्रीमन टिल्डन नावाच्या अमेरिकी लेखकाने १९५७ मध्ये वारसास्थळांवरच्या पुस्तकात हेच मांडलं होतं: माहिती देण्यापेक्षा कुतूहल चेतवणं महत्त्वाचं. मला ते त्या मुलांनी शिकवलं.

३. दंतकथेला हाकलू नका आणि तिला इतिहासही म्हणू नका.

गावात सांगतात, कारागीर नग्न होऊन काम करायचा. बायको रोज जेवण आणायची. एके दिवशी तिच्याऐवजी बहीण आली, आणि लाजेने त्याने वरून कुंडात उडी घेतली. म्हणून शिखर अपुरं राहिलं. कुंडातून आरंगपर्यंत भुयार आहे, असंही म्हणतात. सुरुवातीला मी हे घाईघाईत, ‘लोक काहीही सांगतात’ अशा सुरात उरकत असे. एकदा तिथे बसलेल्या गावच्या एका म्हाताऱ्या बाईने मला थांबवलं. “अइसे नइ, बहिनी,” म्हणाली आणि स्वतः सांगू लागली. बहीण कशी चालत आली, हातात काय होतं, तो वर कसा चढला. मुलं श्वास रोखून ऐकत होती. आता मी आधी गावच्या माणसाला बोलू देते आणि मग स्पष्ट सांगते की ही लोकांची गोष्ट आहे, आणि दगडावरून अभ्यासकांना कळतं ते हे. दोन्ही वेगळ्या आवाजात सांगितलं तर मुलांचा गोंधळ होत नाही.

हेही लक्षात ठेवावं की हे मंदिर चालतं आहे. महाशिवरात्रीला इथे जत्रा भरते. काही पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेल्यावर मी बोलत नाही.

४. हुंकार देणाऱ्याला जागा ठेवा.

भिलाईजवळच्या गनियारीच्या तीजनबाई पंडवानीसाठी, म्हणजे महाभारतातल्या कथा गाऊन सांगण्याच्या कलेसाठी, जगभर गेल्या; २०१९ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. त्यांच्या कापालिक शैलीत गायिका उभी राहून कथा सांगते. हातातला तंबुरा कधी भीमाची गदा होतो, कधी अर्जुनाचं धनुष्य. पण मला नेहमी बघावासा वाटतो तो साथीला बसलेला रागी. तो मध्येच हुंकार देतो, ‘मग काय झालं’ विचारतो, आश्चर्य व्यक्त करतो. त्याच्यामुळे कथा पुढे सरकते. आपल्याकडे आजीही गोष्ट सांगताना म्हणायची, “हं म्हण, नाहीतर मी थांबते.”

संग्रहालयांत आपण वक्ता नेमतो, पाट्या लावतो, पडद्यावर चित्रफीत चालवतो. पाहणाऱ्याच्या ‘हं’साठी मात्र फट ठेवत नाही. आता फेरी आखताना मी प्रत्येक थांब्यापुढे वहीत लिहिते: इथे पाहुणा काय करेल? मोजेल, शोधेल, काढेल, विचारेल? उत्तर ‘ऐकेल’ एवढंच आलं, तर तो थांबा मी बदलते. एका थांब्यावर मुलं हरवलेलं शिखर कागदावर काढतात. एका मुलाने त्यावर भट्टीची चिमणी काढली. ती त्याच्या गावाची आकाशरेषा होती. मी ती खोडायला लावली नाही.

५. आकडा पायांनी समजू द्या.

भिलाईत १३० मीटरचा एकसंध रूळ तयार होतो आणि असे दोन जोडून २६० मीटरचा. पाटीवर हा आकडा वाचून कुणी थबकत नाही. आम्ही मैदानावर चुन्याची रेघ ओढली आणि मुलांना तिच्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं. परत येताना ती आपणहून विचारत होती, एवढा रूळ वळणावरून कसा नेतात?

६. पाटी थोडकी, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर आणि त्याच्या भाषेत.

आमच्या तिसऱ्या पिढीला मराठी बोलता येतं, पण वाचताना ती अडखळते. म्हणून प्रदर्शनात मोठ्या अक्षरांत मराठी, खाली हिंदी आणि छत्तीसगढी. चाळीसेक शब्दांत मावत नसेल, तर ती गोष्ट माणसाने सांगावी. वडिलांच्या हेल्मेटची पाटी लिहिताना मला हे फार जड गेलं. १९५५ चा सोव्हिएत करार, ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी सुरू केलेली पहिली ब्लास्ट फर्नेस, सगळंच महत्त्वाचं वाटत होतं. हेल्मेट काचेत ठेवलं आणि बाजूला लांबलचक मजकूर लावला.

दुसऱ्या दिवशी भट्टीवर काम केलेले एक निवृत्त काका नातीला घेऊन आले. ते काचेसमोर बराच वेळ उभे राहिले, मग म्हणाले, “ताई, जरा हातात द्याल?” मी काच उघडली. त्यांनी हेल्मेट उलटं करून आतला पट्टा चाचपला आणि नातीला सांगू लागले की भट्टीचं तोंड उघडताना चेहऱ्याला झळ कशी लागायची, आणि घाम वाळून शर्टावर मीठ कसं दिसायचं. नात म्हणाली, “मग, आजोबा?” भोवती माणसं गोळा झाली. संध्याकाळी मी ती पाटी काढली आणि हेल्मेट उघड्या टेबलावर ठेवलं. शेजारी दोन खुर्च्या.