लांबचे गिऱ्हाईक आणि जड वस्तू



मागच्या बैठकीत दोन बचत गटांनी मला जवळजवळ एकच प्रश्न विचारला. एका गटाकडे मसाला कांडपाचे जुने मशीन पडून आहे, दुसऱ्याकडे मंडपाचे लोखंडी पाइप. "ताई, मोबाइलवर लिलावाला टाकलं तर भाव चांगला येतो म्हणतात. पण घेणारा लांबचा निघाला तर?" प्रश्न अगदी बरोबर आहे. बायबल कॉलेजात डिप्लोमा करताना मला सौदा कोणी शिकवला नव्हता. तो मी नुकसान सोसून शिकले. तेच या धड्यात मांडत आहे.

आमची पिठाची गिरणी

दोन वर्षांपूर्वी नवापूर तालुक्यातील आमच्या मुलींच्या वसतिगृहात विजेची चक्की आली. जुनी गिरणी, म्हणजे काळे डिझेल इंजिन, पट्टा आणि जात्याचे दगड, शेडमध्ये तशीच राहिली. इंजिन एकटेच साडेतीनशे किलोच्या आसपास होते. भंगारवाला जागेवर १४,००० रुपये देत होता. आम्हाला स्वयंपाकाच्या शेडवर पावसाच्या आधी नवे पत्रे टाकायचे होते, म्हणून जास्त पैशांच्या आशेने मी गिरणी सात दिवसांच्या ऑनलाइन लिलावाला लावली. शेवटच्या रात्री कोल्हापूरकडच्या एका शेतकऱ्याची बोली ३१,५०० वर थांबली. आम्ही सगळ्या खूश झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला, "ताई, गिरणी कधी पाठवताय?"

"जागेवरून घेऊन जावे" हे मी लिहिले होते, पण वर्णनाच्या अगदी शेवटच्या ओळीत. त्यांनी ते वाचलेच नव्हते. मला नाही म्हणायचा संकोच वाटला आणि मी बोलून गेले, "पाठवते."

मग खर्च सुरू झाला. लाकडी चौकट आणि बांधणी १,०००, हमाली ८००, ट्रान्सपोर्टच्या गोदामापर्यंत टेम्पो १,५००, पुढचे भाडे ४,५००. एकूण ७,८०० रुपये. वाटेत डिझेलची टाकी चेपली आणि पंप तुटला. शेतकऱ्याने दुरुस्तीचे ६,००० मागितले, ते आम्ही दिले. हातात उरले १७,७००. या धावपळीत तीन आठवडे गेले, पाऊस सुरू झाला आणि त्या जून महिन्यात मुलींचे जेवण व्हरांड्यात शिजले.

गटाच्या अध्यक्षाबाईंनी विचारले, "ताई, त्यांनी फसवलं का आपल्याला?" मी म्हटले, "नाही. ते आपल्यासारखेच साधे माणूस. त्यांनाही मोडकी वस्तू मिळाली. चूक माझी, मी स्पष्ट बोलले नाही."

१. पहिली ओळ जागेची

जाहिरातीची पहिलीच ओळ अशी असावी: "वस्तू नवापूर तालुक्यात आहे. घेणाऱ्याने स्वतः येऊन किंवा स्वतःची गाडी पाठवून न्यायची आहे. आम्ही पाठवत नाही." लांबच्या माणसाला आपले गाव ठाऊक नसते, म्हणून मोठ्या खुणा द्या. आम्ही आता लिहितो की सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरील नवापूर हे जवळचे स्टेशन, आणि सुरत-नागपूर महामार्गावरून आत वळावे लागते. मोठा ट्रक येतो की फक्त छोटा टेम्पो, पावसाळ्यात फरशी पूल पाण्याखाली जातो का, हेही सांगा. पूर्ण पत्ता मात्र सौदा पक्का झाल्यावरच द्या.

वजन, लांबी-रुंदी आणि उचलायला किती माणसे लागतील ते लिहा. वस्तूशेजारी मोठे माणूस उभे करून फोटो काढा, म्हणजे आकार कळतो. मुलींना फोटोत घेऊ नका. तडा, गंज, गळती जे असेल त्याचा जवळून फोटो द्या. दोष लपवून मिळालेला भाव शेवटी परत करावा लागतो.

२. कायदा काय सांगतो

आपल्या देशात वस्तू विक्रीचा कायदा १९३० सालचा आहे. वेगळे काही ठरले नसेल, तर विकलेली वस्तू विक्रीच्या वेळी जिथे आहे तिथेच ताब्यात द्यायची, असे त्यात आहे. म्हणजे घरपोच पाठवणे आपल्यावर बंधनकारक नाही. पण "वेगळे काही ठरले नसेल तर" हे शब्द विसरू नका. फोनवर मी "पाठवते" म्हटले, तेव्हाच वेगळे ठरले.

याच कायद्याप्रमाणे, वेगळे ठरले नसेल तर वस्तू ताब्यात देण्याजोगी करण्याचा खर्च विकणाऱ्याचा असतो. म्हणून इंजिनाचे पायातले बोल्ट कोण काढणार आणि गाडीत कोण चढवणार, हे आधीच लिहून ठेवावे. गाडीत चढल्यानंतर वाटेत मोडतोड झाली तर ती कोणाची, हेही लिहावे. आम्ही लिहितो: "गाडीत चढेपर्यंत जबाबदारी आमची, त्यानंतर घेणाऱ्याची."

३. लिलाव चालू असतानाच विचारा

बोली लावणारा लांबचा दिसला, तर लिलाव संपायची वाट पाहू नका. त्याला नम्रपणे निरोप पाठवा: "दादा, आपली बोली मिळाली, आभार. वस्तू नवापूर तालुक्यातून स्वतः न्यावी लागेल. आपण कशी नेणार आहात? गाडीभाडे धरून हिशेब करावा ही विनंती." जो खरा घेणारा आहे त्याला राग येत नाही, उलट तो लगेच भाड्याची चौकशी करतो.

मागच्या वर्षी आम्ही ११ लोखंडी खाटा लिलावाला लावल्या. नागपूरच्या एका गृहस्थाने चांगली बोली लावली. मी वरचा निरोप पाठवला. त्यांनी भाडे काढले, परवडत नाही म्हणून कळवले आणि लिलाव संपण्याआधीच बोली मागे घेतली. खाटा विसरवाडीच्या एका खाणावळवाल्याने ९,२०० रुपयांना घेतल्या आणि चौथ्या दिवशी नेल्या. बोली लहान होती, पण पैसा पूर्ण हातात आला आणि कोणाचे मन दुखावले नाही.

४. लांबचाच जिंकला तर

तरीही लांबच्या माणसाने बोली जिंकली, तर जवळच्याला वस्तू देऊन त्याला टाळू नका. दिलेला शब्द जवळच्यासाठी एक आणि लांबच्यासाठी दुसरा असा नसतो. त्याच्यापुढे दोन वाटा ठेवा. स्वतः किंवा आपला माणूस पाठवून वस्तू न्यावी, नाहीतर स्वतः ट्रान्सपोर्ट ठरवावा, भाडे थेट त्यालाच द्यावे आणि गाडी आपल्या दारात पाठवावी. आपण ओळखीच्या दोन-तीन टेम्पोवाल्यांचे नंबर द्यायला हरकत नाही. पण भाडे आपण ठरवायचे नाही आणि आपल्या हातून द्यायचेही नाही. मदत करावी, पण ठेकेदार होऊ नये.

मुदत तारखेसह कळवा. आम्ही पैसे भरायला ३ दिवस आणि न्यायला १० दिवस देतो. पैसेच आले नाहीत, तर गप्प बसून दुसऱ्याला विकू नका. "अमुक तारखेपर्यंत रक्कम न आल्यास वस्तू पुन्हा विक्रीस काढू" असा लेखी निरोप द्या. अशी सूचना देऊन वाजवी मुदत थांबल्यावर फेरविक्री करता येते. पैसे भरले पण माणूस न्यायला येईना, तर सांभाळण्याचा वाजवी खर्च मागण्याचीही सोय कायद्यात आहे.

५. पैसे आधी, वस्तू नंतर

इथे सर्वांत जास्त सावध राहा. लांबून बोलणारा म्हणतो, "मी सैन्यात आहे, बदली झाली आहे. वस्तू न बघताच घेतो, माझा माणूस गाडी घेऊन येईल." मग तो क्यूआर कोड पाठवतो आणि "हा स्कॅन करून पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील" असे सांगतो. आमच्या गटातील एका बाईने शिलाई मशीन विकताना कोड स्कॅनही केला होता. पिन टाकायच्या आधी तिच्या नववीतल्या मुलीने हात धरला, "आई, पैसे घ्यायला पिन लागत नाही!" त्या मुलीचे वाक्य प्रत्येक गटाने पाठ करावे. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, पैसे घेताना नाही.

दुसरी युक्ती अशी: "चुकून जास्त पैसे गेले, वरचे परत करा" म्हणतात आणि खोटा मेसेज दाखवतात. मेसेजवर किंवा स्क्रीनच्या फोटोवर विसंबू नका. आपल्या खात्याची शिल्लक स्वतः पाहा. फसवणूक झालीच, तर लाजून लपवू नका, ताबडतोब १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त. कायद्याचे सालही १९३० आणि मदतीचा नंबरही १९३०, त्यामुळे लक्षात ठेवायला सोपे.

६. न्यायच्या दिवशी

दिवसाउजेडी बोलवा. आपल्याकडची किमान दोन मोठी माणसे हजर असावीत. वसतिगृह असेल तर वस्तू आधीच फाटकाजवळ आणून ठेवा, अनोळखी माणसाला आत नेऊ नका. घेणाऱ्याने आपला माणूस पाठवला असेल, तर त्याचे नाव आणि गाडी नंबर आदल्या दिवशी मागवा आणि ओळखपत्राशी ताडून पाहा. मशीन त्याच्यासमोर चालू करून दाखवा आणि त्याचा व्हिडिओ काढा. पावतीवर "वस्तू पाहून, जशी आहे तशी, जागेवरून ताब्यात घेतली" असे लिहून सही घ्या. एक प्रत त्याला द्या, एक आपल्या दप्तरात ठेवा.

गटात चर्चेसाठी

१. आपल्याकडे पडून असलेल्या एका वस्तूच्या जाहिरातीची पहिली ओळ सर्वांनी मिळून लिहा.

२. कोल्हापूरच्या शेतकऱ्याला ६,००० रुपये परत देणे योग्य होते का? आपण काय केले असते?

३. "न बघता घेतो" असा फोन आला, तर गटातील कोणाला आधी विचारायचे ते आजच ठरवा.

४. भंगारवाल्याचा भाव, जवळची बोली आणि लांबची बोली यांचा खर्च वजा करून हिशेब मांडा. शेवटी हातात किती उरते?

त्या शेडवर आता पत्रे आहेत. ते एक पावसाळा उशिरा आले, एवढेच. तुमच्या शेडला तसा उशीर होऊ नये, म्हणून हा धडा लिहिला. कांडप मशीनवाल्या आणि पाइपवाल्या गटांनी आपला सौदा कसा झाला ते पुढच्या अंकासाठी जरूर कळवावे.

आपली सेवेतील बहीण