बुश सरकला, जीप तिरकी चालली!

सिंहगडाच्या पायथ्याशी प्रवाशांची वाट पाहत उभ्या असलेल्या जीपगाड्या तुम्ही पाहिल्या असतील. अशाच एका जुन्या जीपची ही गोष्ट. खड्ड्यातून जाताना तिच्या मागच्या बाजूने 'टक्' असा आवाज येई. सपाट रस्त्यावरसुद्धा चालकाला स्टिअरिंग किंचित डावीकडे धरून ठेवावे लागे. चाकात हवा बरोबर होती, ब्रेकही ठीक होते. शेवटी गाडी नाना पेठेतल्या एका गॅरेजमध्ये आणली. मिस्त्रींनी गाडीखाली वाकून बॅटरीच्या उजेडात पाहिले आणि मालकाला म्हणाले, "काका, पाटा धड आहे. डाव्या बाजूचा बुश सरकलाय."

बुश म्हणजे काय? तो एवढासा सरकला तर एवढी मोठी गाडी तिरकी का चालावी? चला, पाहू या.

पाटा कसा काम करतो?

जीपच्या चासीखाली पोलादी पट्ट्यांची कमान असते. एकावर एक रचलेल्या या पट्ट्यांना आपल्याकडे पाटे म्हणतात. सर्वांत लांब पाट्याची दोन्ही टोके वळवून गोल भोके केलेली असतात. या भोकांना डोळे म्हणतात. एक डोळा बोल्टने चासीला पक्का जोडतात, तर दुसरा शॅकल नावाच्या झुलत्या दुव्याला.

हा झुलता दुवा कशासाठी? पुठ्ठ्याची एक लांब पट्टी कमानीसारखी वाकवून तिची टोके दोन पुस्तकांना टेकवा आणि मध्यभागी बोटाने दाबा. पुस्तके बाजूला सरकतील. कमान सपाट झाली की तिच्या टोकांमधले अंतर वाढते. समजा, टोकांमधले अंतर १०० सेंटीमीटर आणि कमानीची उंची १० सेंटीमीटर आहे. ही कमान पूर्ण सपाट झाली, तर ते अंतर सुमारे १०२.६ सेंटीमीटर होईल. या जादा अडीच सेंटीमीटरला वाट मिळावी म्हणून शॅकल झुलतो.

पाटा वरखाली होताना प्रत्येक डोळा बोल्टभोवती थोडा फिरतो. लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून मध्ये बुश बसवतात. दोन नळ्या एकात एक आणि त्यांच्यामध्ये रबर, अशी त्याची रचना असते. बाहेरची नळी डोळ्यात घट्ट बसते. आतली नळी बोल्ट आवळल्यावर चासीच्या दोन कानांमध्ये पकडली जाते. म्हणजे नळ्या घसरत नाहीत; पीळ बसतो तो मधल्या रबराला. म्हणूनच अशा बुशला तेल किंवा ग्रीस लागत नाही. उलट, खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते आणि खराब होते.

पाच मिलिमीटरचा हिशेब

आपल्या जीपचा बुश डोळ्यातून अर्धा बाहेर आला होता आणि त्याचे रबर फाटले होते. त्यामुळे आसाचे डावे टोक मागे सरकले. समजा, ते ५ मिलिमीटर मागे गेले आणि दोन पाट्यांमध्ये ७५० मिलिमीटर अंतर आहे. ७५० भागिले ५ म्हणजे १५०. चाके ज्या दिशेने रोखलेली आहेत तिकडे सरळ रेघ ओढली, तर १५० मीटर अंतरावर ती मूळ रेघेपासून १ मीटर डावीकडे गेलेली असेल! गाडीची शेपूट डावीकडे जाते आणि नाक उजवीकडे वळू पाहते. म्हणून चालकाला स्टिअरिंग डावीकडे धरावे लागे. घाटातल्या वळणावर, एका बाजूला दरी असताना, हे किती धोक्याचे आहे ते सांगायला नकोच.

दुरुस्ती

मिस्त्रींनी पुढच्या चाकांना लाकडी ठोकळ्यांची उटी लावली. गाडी जॅकने उचलली, पण नुसत्या जॅकवर ठेवली नाही. चासीखाली भक्कम घोड्या दिल्या. मग आसाला खालून आधार देऊन बोल्ट काढला. जुना बुश हातोड्याने न ठोकता एका लांब बोल्टने ओढून काढला. डोळ्याच्या एका बाजूला रुंद नळी, दुसऱ्या बाजूला बुशएवढी चकती; नट आवळत गेले की बुश हळूहळू नळीत येतो. डोळा आतून घासून साफ केला आणि तो गोल आहे, पसरलेला नाही, याची खात्री केली. नवा बुश साबणाचे पाणी लावून त्याच रीतीने आत ओढला. दोन्ही कडा सारख्या आल्या.

"सरकू नये म्हणून डाग का देत नाही?" मालकांनी विचारले. मिस्त्री म्हणाले, "डाग दिला तर पाटाच जाईल." खरेच आहे. पाट्याच्या पोलादाला ठरावीक उष्णता देऊन लवचिकपणा आणलेला असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने तो गुण बिघडतो आणि पुढे तिथेच तडा जाऊ शकतो. शिवाय रबर जळते ते वेगळेच.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. बोल्ट आधी सैलच ठेवला. गाडी चाकांवर उतरवून दोन-तीनदा दाबली आणि मगच तो पूर्ण आवळला. चाक लोंबकळत असताना आवळला असता, तर गाडी खाली येताच रबराला कायमचा पीळ बसला असता आणि खड्ड्यात तो आणखी वाढला असता. असे रबर लवकर फाटते. मागच्या दुरुस्तीत नेमकी हीच चूक झाली होती!

२०१० च्या 'थार' गाडीला मागे पाटे होते. २०२० च्या नव्या 'थार'ला मागेही वेटोळ्याच्या स्प्रिंगा आल्या. पण मालमोटारींखाली पाटे अजून दिसतात. उभ्या मालमोटारीजवळ जा आणि बाजूनेच पाहा. खाली मात्र शिरू नका. डोळे, शॅकल आणि बुश ओळखता येतात का?

आणि हे घरी करा : कमानीची उंची १० ऐवजी ५ सेंटीमीटर असेल, तर सपाट होताना लांबीतला फरक निम्मा होईल का? कागदावर कमान काढून दोऱ्याने मोजा. (उत्तर : नाही. तो सुमारे ०.७ सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ पावपट होईल.)