दुखत नाही म्हणून डोळा गमावू नये

आम्ही डॉक्टर नव्हे, बँकेतील कारकून. तरीही हा विषय मांडत आहोत. एच.आय.व्ही.बद्दल आपल्याकडे कुजबुज होते, चर्चा होत नाही. आणि या लपवाछपवीत एखाद्याची दृष्टी कायमची जाऊ शकते.

सायटोमेगॅलोव्हायरस, म्हणजे सीएमव्ही, हा नागिणीच्या विषाणूच्या कुळातील विषाणू. लाळ, लघवी, रक्त, अंगावरचे दूध व शरीरसंबंध यांतून तो पसरतो. भारतातील बहुसंख्य प्रौढांच्या शरीरात तो असतोच. वर्षानुवर्षे व्यवहार न झालेल्या खात्यासारखा तो पडून राहतो. पण खाते बंद झालेले नसते.

त्याला दाबून ठेवण्यात रक्तातील सीडी-४ पेशींचा मोठा वाटा असतो. निरोगी माणसात एका घनमिलिमीटर रक्तात त्या साधारण ५०० ते १५०० असतात. एच.आय.व्ही. याच पेशी नष्ट करतो. संख्या ५० च्या खाली गेली की सीएमव्ही डोके वर काढतो. अन्ननलिका, आतडी, मेंदू यांनाही तो ग्रासतो. पण बहुतेकदा घाला पडतो डोळ्याच्या आतल्या पडद्यावर.

लक्षणे अशी :
१) डोळ्यांसमोर काळे ठिपके तरंगणे
२) प्रकाशाच्या रेघा चमकणे
३) अंधुक दिसणे, किंवा नजरेचा एखादा भाग झाकल्यासारखा होणे

डोळा सहसा दुखत नाही, लालही होत नाही. कधी कधी सुरुवातीला काहीच जाणवत नाही. येथेच घात होतो. पडद्याचा नष्ट झालेला भाग पुन्हा येत नाही.

१९९६ पूर्वी अमेरिकेत एड्सच्या सुमारे ३० टक्के रुग्णांना हा नेत्रविकार होई. त्या वर्षापासून संयुक्त औषधोपचार आले आणि हे प्रमाण झपाट्याने घटले. भारतात १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत ही एआरटी औषधे मोफत मिळू लागली. सीएमव्हीवर गॅनसायक्लोव्हिर व व्हॅलगॅनसायक्लोव्हिर ही औषधे आहेत. ती पसरणारा विकार थांबवतात. गेलेली नजर परत आणत नाहीत. कोणते औषध आधी द्यायचे, हे डॉक्टरच ठरवतात.

म्हणून सीडी-४ कमी असल्यास, त्रास नसला तरी, बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी करून घ्यावी. एआरटीची एकही गोळी चुकवू नये. विद्यार्थी मित्रांनी १०९७ हा मोफत मदत क्रमांक लक्षात ठेवावा व गरजूला सांगावा.

आजाऱ्याला दवाखान्यापर्यंत सोबत करणे आपल्यापैकी कोणालाही जमण्यासारखे आहे. तेवढ्याने एखाद्याचा डोळा वाचू शकतो.