वाळीत टाकणे : धर्मसमूहाची स्वायत्तता आणि व्यक्ती

‘त्याला वाळीत टाकले’ हे वाक्य पाहा. प्रयोग भावे आहे. कर्म आहे, क्रियापद आहे, कर्ता मात्र सहज गळून पडला आहे. कोणी टाकले, असे विचारल्यास उत्तर येते : ‘समाजाने’. हा समाज म्हणजे नेमके कोण, आणि त्याला हा अधिकार असावा काय?

राज्यघटनेच्या अनुच्छेद २६ने धार्मिक संप्रदायांना धर्मविषयक बाबींतील आपला कारभार स्वतः पाहण्याचा हक्क दिला आहे. मात्र घटना अमलात येण्यापूर्वीच, १९४९ मध्ये, मुंबई प्रांताने समाजबहिष्कृत करण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाचे धर्मगुरू सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांनी त्याला आव्हान दिले. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. श्रद्धेच्या कारणावरून सदस्याला दूर करणे हा संप्रदायाची एकता राखण्याचाच भाग होय, असे बहुमताचे म्हणणे. हा युक्तिवाद हलका नव्हे. कोणाला सदस्य मानावे हे सरकारच सांगू लागले, तर स्वायत्ततेत उरते काय?

तरीही सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांचे भिन्न मताचे निकालपत्र मला अधिक पटते. बहिष्कृत व्यक्तीचे केवळ प्रार्थनेतील स्थान जात नाही. दफनभूमी, सामाईक मालमत्ता यांवरील हक्कही जातात. ही स्थिती त्यांना अस्पृश्यतेच्या जवळची वाटली. मराठी वाचकाला हे नाते अपरिचित नसावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ मध्ये सुरू केलेल्या पाक्षिकाचे नावच ‘बहिष्कृत भारत’ होते. तेथे बहिष्कृत होती ती एखादी व्यक्ती नव्हे, संपूर्ण जनसमूह.

जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध आवाज उठल्यावर महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा संमत केला. तो २०१७ मध्ये अमलात आला. तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. आता आरोपपत्रात ‘समाजाने’ एवढे लिहून भागत नाही. कर्ता नावानिशी सांगावा लागतो. १९६२च्या निर्णयाचा प्रश्नही २०२३ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवण्यात आला.

स्वाध्याय : ‘रोटीबेटी व्यवहार बंद करणे’ यांसारखे बहिष्कारवाचक शब्दप्रयोग आपल्या बोलीतून जमवा. प्रत्येकाचे वाक्य करून त्यातील कर्ता उघड आहे की लुप्त, ते नोंदवा.