पुण्यात बसून केलेला रिसेट

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी मेंटेनन्स बघतो. आमच्या सँड प्लँटच्या जुन्या पॅनेलमध्ये मशीन पुरवणाऱ्यांनी सिमकार्डाचा राउटर बसवून दिला. "आता आमच्या माणसाची वाट बघायला नको साहेब, पुण्यातनंच बघतो." सोय खरीच. वाळू थांबली की मोल्डिंग थांबतं, आणि भट्टीतलं लोखंड कुणासाठी थांबत नाही.

एका दुपारी फिटर मिक्सरमध्ये उतरून पातं बदलत होता. मी पॅनेलपाशी. स्क्रीनवरचा लाल फॉल्ट अचानक गेला. कुणी हात लावला नव्हता. फोन केला तर पलीकडचा पोरगा म्हणतो, "फॉल्ट दिसला, म्हटलं रिसेट करून टाकू." आयसोलेटर पाडून कुलूप घातलं होतं, किल्ली फिटरच्या खिशात होती, म्हणून निभावलं.

हा पोरगा निदान ओळखीचा; पण अनोळखी माणूसही आत शिरू शकला असता. राउटरचा पासवर्ड त्याच्याच बुडाला चिकटवलेला आणि वायफाय फाटकाबाहेरच्या चहाच्या गाड्यापर्यंत मिळायचं. आमचा पीएलसी ज्या मोडबसवर बोलतो तो 1979 सालचा. मुळात त्यात पासवर्ड विचारायची सोयच नाही. आत शिरला तो मालक! 2000 साली ऑस्ट्रेलियातल्या मरूची भागात असंच झालं. सांडपाण्याच्या पंपांना रेडिओ यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीतून बाहेर पडलेल्या माणसानं गाडीतल्या लॅपटॉप आणि रेडिओवरून पंपांना खोटे हुकूम सोडले. सुमारे 8 लाख लिटर मैला बागांत आणि ओढ्यांत गेला. तो परका नव्हता, जोडणी करणाऱ्यांतलाच होता.

वायरलेस नकोच, असं मी म्हणत नाही. आम्ही राउटरच्या सप्लायला किल्लीचा स्विच लावला. सर्व्हिसवाल्यानं आधी फोन करायचा, आमच्या माणसानं मशीनपाशी उभं राहून स्विच टाकायचा, काम झालं की पाडायचा, वहीत वेळ लिहायची. वायफाय बंदच केलं, पासवर्ड बदलला, ऑफिसच्या नेटवर्कशी त्याचा संबंध तोडला. इमर्जन्सी स्टॉप मात्र थेट वायरनंच मोटरचा सप्लाय तोडणारा हवा, सॉफ्टवेअरच्या भरवशावर नको. आणि एएमसीच्या कागदावर लिहून घ्या: त्यांचा इंजिनिअर नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी कळवायचं. यावर ते कुरकुरतात, पण सही करतात.

आपल्या शॉपमधली पॅनेलं एकदा उघडून बघा. अँटेना दिसली, तर सिम कुणाच्या नावावर आहे आणि पासवर्ड कुणाकुणाकडे आहे, हे सर्व्हिसवाल्याला आजच विचारा.